गोष्ट सांगणाऱ्या चित्राचा गुन्हा

मराठी समीक्षेत दोन शब्दांनी एकमेकांच्या विरुद्ध दिशेने प्रवास केलेला आहे. कवितेला ‘चित्रदर्शी’ म्हटले की तो तिचा गौरव होतो. कादंबरीतील ‘प्रतिमां’चा शोध घेणे हा तर आपल्या विद्यापीठीय प्रबंधांचा नित्यनेमच आहे. परंतु चित्राला ‘वाङ्मयीन’ म्हटले की त्याचा अधिक्षेप होतो. साहित्याने चित्राकडून काही घेतले तर ती समृद्धी, आणि चित्राने साहित्याकडून काही घेतले तर ती भेसळ, असा हा एकतर्फी व्यवहार आहे. हा व्यवहार कोणत्या तत्त्वावर उभा आहे, असे विचारले तर उत्तर म्हणून ‘माध्यमाची शुद्धता’ हा शब्दप्रयोग पुढे केला जातो आणि तेथे चर्चा थांबते. प्रस्तुत लेखात ती थांबू द्यायची नाही, एवढाच माझा हेतू आहे.

या चर्चेला पावला रेगो या चित्रकर्त्रीचे निमित्त आहे. १९३५ साली लिस्बनमध्ये जन्मलेल्या आणि २०२२ साली लंडनमध्ये निवर्तलेल्या रेगो यांनी १९८९ साली इंग्रजी बालगीतांवर आधारित अम्लरेखनांची एक मालिका केली. ‘नर्सरी ऱ्हाइम्स’ हेच तिचे साधे नाव. नातीसाठी म्हणून सुरू झालेले हे काम पुढे त्यांच्या कलाजीवनातील एक महत्त्वाचा टप्पा ठरले. आपल्याकडे या मालिकेचा विषय निघतो तेव्हा दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना ही चित्रे ‘फार इलस्ट्रेटिव्ह’ वाटतात. साहित्याच्या विद्यार्थ्यांना ती ‘लोकवाङ्मयाचा सर्जनशील उपयोग’ वाटतात. माझ्या मते या दोन्ही प्रतिक्रिया एकाच आजाराची दोन लक्षणे आहेत.

पहिल्या प्रतिक्रियेची वंशावळ सर्वांना ठाऊक आहे. लेसिंगने १७६६ सालच्या ‘लाओकोऑन’मध्ये चित्राला अवकाश आणि काव्याला काळ वाटून दिला. क्लाइव्ह बेलने १९१४ साली चित्रातील कथेला, आठवणींना आणि लौकिक भावनांना सौंदर्यानुभवाच्या दाराबाहेर उभे केले. या विचाराला मराठीत अत्यंत ताकदीचा वारसदार लाभला. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये संवाद, विरोध आणि समतोल हे लयीचे तीन नियम मांडून सौंदर्य हे घटकांच्या परस्परसंबंधांत असते, असे प्रतिपादन केले. मराठी समीक्षेला भाबडेपणातून आणि बोधवादातून बाहेर काढण्याचे श्रेय या मांडणीला द्यावेच लागेल. ‘चित्रात काय दाखवले आहे’ एवढे सांगून चित्रसमीक्षा संपत असे, त्या काळात हा दणका आवश्यकच होता. परंतु दणक्याचे पुढे व्रत झाले. मर्ढेकरांनी एका विशिष्ट तात्त्विक प्रश्नाचे उत्तर म्हणून जे सांगितले ते त्यांच्या नंतरच्या दोन पिढ्यांनी शिष्टाचार म्हणून पाळले. चित्रासमोर उभे राहून ‘ही बाई कोण, आणि ती कशावर सुरी उगारते आहे’ असे विचारणे हे असंस्कृतपणाचे लक्षण ठरले.

गंमत अशी की, सिद्धान्तकार मर्ढेकरांना कवी मर्ढेकरांनी कधीच जुमानले नाही. पिपातल्या मेलेल्या उंदरांची त्यांची कविता आठवावी. तिची चाल जवळजवळ बडबडगीताची आहे. मूल ती टाळ्या वाजवीत म्हणू शकेल. त्या चालीवर मर्ढेकरांनी मृत्यू, सक्ती आणि यंत्रयुगातील जगण्याची किळस वाहून आणली. कविता जी भीती निर्माण करते ती या विसंगतीतून. या कवितेवर गेली सात-आठ दशके आपण लिहीत आलो; ती दुर्बोध की सुबोध, अश्लील की अध्यात्मपर, यावर वाद घातले. तिच्या पाळण्यातल्या लयीबद्दल मात्र आपण फारसे बोललो नाही, कारण पाळण्याशी संबंधित काहीही गंभीर समीक्षेच्या कक्षेत येत नाही अशी आपली ठाम समजूत आहे.

आणि रेगोंच्या मालिकेतही उंदीर आहेतच. तीन आंधळ्या उंदरांच्या बालगीतात शेतकऱ्याची बायको सुरीने त्यांच्या शेपट्या छाटते. इंग्रजी मुले शतकानुशतके हे आनंदाने गात आली. रेगो यांनी फक्त एवढेच केले की, त्या शब्दांवर विश्वास ठेवला. उंदीर मोठे केले, बाईच्या हातात खरोखरची सुरी दिली, आणि आंधळेपण हे आंधळेपणासारखे दाखवले. काळ्या मेंढीच्या गीतात लोकर वाटली जाते, ती मालकाला, मालकिणीला आणि गल्लीतल्या मुलाला. रेगोंच्या चित्रात तो काळा मेंढा बैठक मारून बसला आहे, एक मुलगी त्याच्या कवेत आहे आणि तो मुलगा दूर कुठेतरी लहान झालेला आहे. वाटप कशाचे चालले आहे, असा प्रश्न आता गीतातूनच उभा राहतो. मिस मफेटवर चाल करून येणारा कोळी तिच्याहून आकाराने मोठा आहे. येथे चित्रकर्त्रीने गीतात नसलेले काही घुसडलेले नाही. गीत ज्या वेगाने म्हटले जाते त्या वेगामुळे जे निसटत होते, ते थांबवून धरले आहे.

याला ‘इलस्ट्रेशन’ म्हणणाऱ्यांनी एक साधी परीक्षा करून पाहावी. सजावटीचे चित्र मजकुराजवळ ठेवले की मजकूर पूर्वीइतकाच राहतो. चित्र काढून घेतले तरी त्याचे काही बिघडत नाही. रेगोंची मेंढ्याची अम्लरेखना एकदा पाहिलेल्या माणसाला ते बालगीत पुन्हा पूर्वीसारखे म्हणता येत नाही. ज्या कृतीने मूळ पाठाचे वाचन कायमचे बदलते, तिला आपण साहित्यात भाष्य म्हणतो, टीका म्हणतो. ज्ञानेश्वरी गीतेचे ‘इलस्ट्रेशन’ आहे असे कोणी म्हटल्याचे माझ्या ऐकण्यात नाही.

आता दुसऱ्या प्रतिक्रियेकडे वळू. ती अधिक गोड आहे, म्हणून अधिक घातक आहे. ‘लोकपरंपरेतून प्रेरणा’, ‘मातीशी नाते’, ‘बालपणाच्या निरागस विश्वात पुनर्प्रवेश’ ही तिची भाषा. प्रदर्शनाच्या पत्रिकांतून ती आलीच आहे. आता ती प्रबंधांतूनही येऊ लागली आहे. या भाषेचा परिणाम पाहायचा असेल तर हडपसरमध्ये कोणत्याही नव्या गृहसंकुलाच्या कुंपणभिंतीवरून नजर फिरवावी. त्रिकोणी धडाची माणसे तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचत असतात. जिव्या सोमा मशे यांनी ज्या चित्रपरंपरेला कागदावर आणले, तिच्यात देवचौक आहे, पालघाट देवी आहे, लग्न लावणारी धवलेरी आहे, तिची गाणी आहेत. म्हणजेच कथन आहे. भिंतीवर उतरताना त्यातील कथन गळून पडले आणि नक्षी उरली. कथेला चित्रातून हाकलून देणारा रूपवादी आणि लोककलेवर प्रेम करणारा सांस्कृतिक कार्यकर्ता हे दोघे या भिंतीशी येऊन भेटतात, हे आपल्या लक्षात येत नाही. दोघांनाही आकार हवे आहेत. त्या आकारांना काय म्हणायचे आहे, ते नको आहे.

‘निरागस’ या शब्दाचा मी जरा विस्ताराने समाचार घेणार आहे, कारण सगळा घोटाळा तेथे आहे.

भोंडल्याच्या गाण्यांचे उदाहरण घेऊ. नवरात्रात पाटावर हत्ती रेखायचा, त्याच्याभोवती मुलींनी फेर धरायचा, गाणी म्हणायची आणि शेवटी खिरापत ओळखायची, हा विधी पुण्याच्या पेठांपासून हडपसरच्या नव्या सोसायट्यांपर्यंत अद्याप चालू आहे. मध्ये चित्र आणि भोवती कथागीत, अशी ही रचना आहे, हेही लक्षात घ्यावे. चित्र आणि कथन यांची फारकत करणाऱ्या सौंदर्यशास्त्राला या मुलींनी कधी विचारलेच नाही. या गाण्यांत एका वेड्याचे गाणे आहे. त्याची बायको आपले गाऱ्हाणे सांगते. तिने केलेला एकेक पदार्थ वेडा पाहतो आणि त्याला तो काहीतरी वेगळेच समजून त्याची वाट लावतो. करंजीला होडी समजून पाण्यात सोडतो, अशा एकाहून एक विनोदी चुका. मुली हसतात. कडव्यामागून कडवे जाते. आणि अनेक ठिकाणी म्हटल्या जाणाऱ्या पाठात शेवटच्या कडव्यात बायको पलंगावर झोपलेली असते. वेडा येतो, डोकावून पाहतो, ती मेली असे समजतो आणि तिला जाळून टाकतो.

चाल तीच. टाळी तीच. फेरही तोच.

या गाण्याचे आपण काय केले? लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी ते जपले, याबद्दल त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. सरोजिनी बाबर यांनी केलेले संकलन, दुर्गाबाई भागवतांनी घालून दिलेली अभ्यासाची शिस्त, तारा भवाळकरांनी स्त्रीच्या बाजूने केलेले वाचन यांवाचून आज आपल्याला काही बोलताच आले नसते. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, हे काम तर कोणत्याही विद्यापीठीय विभागाला लाजवील असे आहे. पण साहित्यसमीक्षेने या सामग्रीशी काय व्यवहार केला? तिने तिला ‘सामग्री’च ठेवले. जात्यावरची ओवी ही नवकवीच्या कवितेची पूर्वपीठिका, बडबडगीत हे बालवाङ्मयाच्या इतिहासातील पहिले प्रकरण, भोंडल्याचे गाणे हे सांस्कृतिक संचित. ज्या गाण्यात नवरा बायकोला जाळतो ते गाणे मुलींना का म्हणावेसे वाटते, ते म्हणताना त्यांच्या हसण्यात नेमके काय असते, रचनेच्या अंगाने ते शेवटचे कडवे विनोदाच्या साखळीतील एक दुवा म्हणून का येते, हे प्रश्न वाङ्मयीन आहेत. ते समीक्षेने विचारायचे प्रश्न आहेत. त्यांना ‘निरागस’ या एका शब्दाने आपण रजा दिली.

१९८३ साली भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ आले, १९८६ साली हुंडाबळीचे कलम ३०४-ब आले. नवविवाहितांना जाळण्याच्या बातम्या त्या वर्षांत रोजच्या झाल्या होत्या. १९८४ साली बडोद्यात नीलिमा शेख यांनी ‘व्हेन चंपा ग्र्यू अप’ ही बारा चित्रांची मालिका केली: एक खेळणारी मुलगी, तिचे लग्न, तिचे सासर, तिचे जळणे. सोबत गुजराती लोकगीतांतील मजकूर. ती मुद्राचित्रे नाहीत. हातात घेऊन एकामागून एक पाहायची कागदावरची चित्रे आहेत. पण लोकगीताला त्यांनी आपल्या काळाचा साक्षीदार म्हणून उभे केले. त्याच वर्षांत मराठी मुली दर नवरात्रात वेड्याचे गाणे म्हणत होत्या, आणि त्याच वर्षांत मराठी समीक्षा ‘कलाकृतीची स्वायत्तता’ या विषयावर परिसंवाद घेत होती. या दोन गोष्टी एकमेकींपासून इतक्या दूर राहिल्या, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

चिमणी-कावळ्याच्या गोष्टीबद्दलही हेच म्हणता येईल. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे मेणाचे. पावसात शेणाचे घर वाहून जाते. भिजलेला कावळा दाराशी येतो आणि चिमणी त्याला थांबवून ठेवते, बाळाला न्हाऊ घालायचे आहे, काजळ लावायचे आहे, म्हणून. काही पाठांत शेवटी त्याला आत घेतले जाते ते चुलीजवळ भाजण्यापुरतेच. महाराष्ट्रातील प्रत्येक मूल ही गोष्ट जेवताना ऐकते. घर कोणाचे टिकाऊ आणि कोणाचे वाहून जाणारे, दार कोण उघडते आणि कोण ताटकळत राहते, गृहकृत्याची सबब कशी वापरली जाते, याविषयी ज्याला काही कळून घ्यायचे आहे त्याला या गोष्टीत पुरेसे सापडेल. पावसाला पैसा देऊ करून तो खोटा निघाल्याचे सांगणारे गाणे तर आपण मुलाला शिकवलेला पहिला आर्थिक व्यवहारच म्हणायचा. तान्ह्या बाळाला तीट लावताना म्हणायच्या गीतात सोन्यारुप्याच्या दागिन्यांची नावे येतात, आणि ती ज्या घरांत म्हटली जातात त्यांतील बहुसंख्य घरांत तसला एकही दागिना नसतो. निरागसता असलीच तर ती या गीतांत नाही. ती त्यांच्याकडे पाहणाऱ्या प्रौढ अभ्यासकाच्या ठिकाणी आहे.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. बडबडगीताला अर्थ नसतो, ते नादासाठी असते. त्यात अर्थ शोधणे हीच मुळी अरसिकता आहे. या आक्षेपात तथ्य आहे आणि म्हणूनच तो अपुरा आहे. नाद हेच त्या गीताचे वाहन आहे, हे खरे. परंतु नाद असल्यामुळेच त्याला एरवी न पेलणारे ओझे वाहता येते. जे सांगता येत नाही ते गाता येते. मर्ढेकरांचाच नियम वापरायचा तर येथे विरोधलय आहे, ती चालीच्या आनंदात आणि घटनेच्या भीषणतेत. हा विरोध फक्त त्याला दिसेल जो दोन्ही पदे मान्य करतो. घटनेला बाहेर ठेवले की एकच पद उरते, आणि एका पदाचा विरोध होत नाही. म्हणजे लयतत्त्वाला स्वतःचे काम करण्यासाठीच कथेची गरज आहे. मर्ढेकरांनी साहित्याच्या बाबतीत भावनात्मक अर्थाला माध्यमाचे स्थान देऊन ही अडचण सोडवली. चित्राच्या बाबतीत ती तशीच ठेवली. रा. भा. पाटणकरांनी १९७४ सालच्या ‘सौंदर्यमीमांसे’त कलेची संकल्पनाच द्विध्रुवात्मक आहे, तिला लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी असे दोन ध्रुव आहेत, असे दाखवून दिले, तेव्हा खरे म्हणजे ही कोंडी फुटायला हवी होती. ‘सौंदर्यमीमांसा’ आपण अभ्यासक्रमात लावली, तिच्यावर टिपा लिहिल्या, आणि चित्रासमोर उभे राहताना पुन्हा एकाच ध्रुवावर जाऊन उभे राहिलो.

आता मुद्राचित्रणाविषयी. रेगो यांनी हे काम रंगांत न करता तांब्याच्या पत्र्यावर का केले, हा प्रश्न केवळ तंत्राचा नाही. अम्लरेखनात पत्र्यावर मेणाचा थर देतात, त्यावर सुईने रेखाटतात आणि पत्रा अम्लात सोडतात. रेषा हाताने काढलेली असते, पण ती खोल होते अम्लामुळे आणि वेळेमुळे. (चिमणीचे घर मेणाचे, हे येथे आठवल्याखेरीज राहत नाही, मेणाखाली जे असते ते वाचते.) ॲक्वाटिंटमध्ये राळेची पूड टाकून करड्यापासून काळ्यापर्यंतच्या छटा मिळवतात, तो रात्रीचा अंधार रेगोंना हवा होता. मुद्रक पॉल कोल्डवेल यांच्या सहकार्याने त्या पत्र्यावर भराभर रेखाटीत गेल्या, गोष्ट सांगणारा माणूस जसा न थांबता सांगत जातो तशा. छाप उमटतो तेव्हा चित्र उलटे होते; डावे उजवीकडे जाते. आणि अशा अनेक प्रती निघतात, ज्यांपैकी एकीलाही ‘मूळ’ म्हणता येत नाही.

मौखिक कथेची व्यवस्था याहून निराळी नसते. वेड्याच्या गाण्याची मूळ प्रत कोठे आहे? नगरचा पाठ, साताऱ्याचा पाठ, एखाद्या आजीने शेवटचे कडवे गाळून सांगितलेला पाठ; प्रत्येक पाठ हा छाप आहे आणि पत्रा कोणाच्याच हातात नाही. वाल्टर बेन्यामिनचे दोन निबंध १९३६ याच वर्षी प्रसिद्ध झाले. एकात त्याने यांत्रिक पुनरुत्पादनामुळे कलाकृतीचे तेजोवलय नष्ट होते असे म्हटले आणि त्या घटनेचे सावध स्वागत केले. दुसऱ्यात कथा सांगणाऱ्याच्या अस्ताचा शोक केला आणि कथेवर कथकाच्या हाताची खूण मडक्यावरच्या कुंभाराच्या खुणेसारखी राहते, असा दृष्टान्त दिला. आपल्याकडे पहिला निबंध चित्रपटवाल्यांनी वाचला आणि दुसरा कथेच्या अभ्यासकांनी. मुद्राचित्र हे असे स्थळ आहे की जेथे हे दोन्ही निबंध एकत्रच वाचावे लागतात: पुनरुत्पादन आहे आणि हाताची खूणही आहे. हस्तमुद्रित अम्लरेखनाच्या कडेला पत्र्याचा जो दाब उमटलेला असतो, तो बोटाने चाचपता येतो.

ही सगळी परकी गोष्ट आहे असे ज्यांना वाटत असेल त्यांनी आपल्याच मुद्रणाचा इतिहास आठवावा. नाना फडणिसांच्या काळात पुण्यातील एका तांबटाने चार्ल्स मॅलेटच्या आश्रयाने तांब्यावर अक्षरे कोरण्याची विद्या शिकून घेतली, आणि पुढे १८०५ साली मिरजेच्या पटवर्धनांसाठी तांब्याच्या पत्र्यांवरून गीता छापली गेली, ही हकीकत प्रियोळकरांनी सांगितली आहे. पुढच्याच वर्षी, १८०६ साली, तंजावरास सरफोजी राजांच्या छापखान्यातून इसापच्या कथांचे मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ बाहेर पडले. म्हणजे मराठी मुद्रणाच्या उंबरठ्यावर एका बाजूला तांब्यावरचे कोरीव काम आहे आणि दुसऱ्या बाजूला मुलांच्या गोष्टी आहेत. १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने पुण्यात चित्रशाळा निघाली, तिने शिळाछापाची पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रे घरोघर पोहोचवली. या चित्रांकडे कलासमीक्षेने ‘कॅलेंडर’ म्हणून पाहिले आणि साहित्यसमीक्षेने पाहिलेच नाही. त्याहून जुनी परंपरा पिंगुळीच्या ठाकरांची आहे. चित्रकथकाचा उल्लेख बाराव्या शतकातील सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त येतो, कुडाळजवळच्या पिंगुळीत चित्रांच्या पोथ्या आजही एकेक पान उलटीत गाऊन सांगितल्या जातात. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा वर्तमानपत्रांतून बरेच छापून आले. त्या पोथीत एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताना कथनाचा काळ कसा मोजला जातो, गायक चित्रात नसलेले काय सांगतो आणि चित्रात असलेले काय सांगण्याचे टाळतो, याचा कथनमीमांसेच्या अंगाने विचार करायला मराठीत पुरेसे अभ्यासक असायला हरकत नव्हती. जेरार जेनेत आपण वाचला होता. पोथी मात्र राजा केळकर संग्रहालयाच्या काचेआड राहिली.

याहून बोचणारे उदाहरण चित्तप्रसाद यांचे आहे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची त्यांनी केलेली रेखाटने ‘हंग्री बेंगॉल’ या नावाने प्रसिद्ध झाली आणि ब्रिटिश सरकारने त्याच्या प्रती जप्त करून जाळल्या, हे अनेकांना ठाऊक असते. त्यानंतरचे तीस वर्षांच्या आसपासचे आयुष्य त्यांनी मुंबईत, अंधेरीच्या एका खोलीत काढले, हे फारसे कोणी सांगत नाही. तेथे त्यांनी लिनोकट केले, मुलांसाठी गोष्टी लिहिल्या, ‘खेलाघर’ नावाने बाहुल्यांचे खेळ केले. राबणाऱ्या, भुकेल्या, फुटपाथवरच्या मुलांची त्यांची लिनोकट-मालिका १९५० च्या दशकाच्या आरंभीची. ती १९६९ साली युनिसेफच्या डॅनिश समितीने प्रसिद्ध केली. तिचे नाव ‘एंजल्स विदाउट फेअरी टेल्स’. परीकथा नसलेली लेकरे. हे शीर्षक स्वतःच एक साहित्यसिद्धान्त आहे. गोष्ट ही सर्व मुलांना आपोआप मिळणारी वस्तू नाही, ती पोटभर अन्नासारखी काहींच्या वाट्याला येते आणि काहींच्या येत नाही, असे ते सांगते. लिनोलियम हा स्वस्त माल, कोरायला एक सुरी पुरते, छापायला यंत्रही लागत नाही. गोष्ट हिरावलेल्या मुलांचे चित्र ज्या साधनाने काढावे तेच साधन त्यांनी निवडले. मराठी साहित्यात दलित कविता मुंबईच्या त्याच फुटपाथांवर आपला शब्द शोधत असताना, थोड्या अंतरावर हा माणूस काळ्या-पांढऱ्यात तेच पाहत होता. आमच्या समीक्षेने त्यांना बंगाली म्हणून सोडले, कम्युनिस्ट म्हणून सोडले आणि बालचित्रकार म्हणून तर निश्चितच सोडले.

मी रेगोंची स्तुती करण्यासाठी हे लिहीत नाही. त्यांच्या ब्राँटेवरील शिळाछापांत मला कधी कधी नाटकीपणाचा अतिरेक वाटतो, आणि त्यांच्या चित्रांना आज मिळणाऱ्या किमती पाहता मुद्राचित्राच्या लोकशाहीबद्दल बोलताना जीभ जरा आवरावी लागते. परंतु एक घटना विसरता येत नाही. १९९८ साली पोर्तुगालमध्ये गर्भपात कायदेशीर करण्याबाबतचे सार्वमत अत्यल्प मतदानात, निसटत्या फरकाने फसले. रेगो यांनी त्यावर आधी रंगखडूंत आणि मग अम्लरेखनांत मालिका केली. अम्लरेखने यासाठी की ती अनेक ठिकाणी पोहोचावीत. २००७ साली पुन्हा सार्वमत झाले आणि कायदा बदलला. त्यामागच्या लोकमतात या चित्रांचा वाटा होता असे त्या देशात मानले जाते. आता या चित्रांतील स्त्रिया पाहिल्या की लक्षात येते, त्या बालगीतांतूनच आल्या आहेत. तीच जाड पायांची मुलगी, तीच खुर्ची, तीच घरातली बंद खोली. मेंढ्याच्या कवेतल्या मुलीचे पुढे काय झाले, हे रेगो यांनी नऊ वर्षांनी सांगितले. गोष्ट सांगणाऱ्याला हे करता येते. केवळ आकारांशी व्यवहार करणाऱ्याला येत नाही, कारण त्याच्याकडे ‘पुढे काय झाले’ हा प्रश्नच नसतो.

शेवटी एक आक्षेप उरतो, आणि तो पुण्याच्या परिसरात हटकून घेतला जातो. आमची मुले इंग्रजी बालगीतेच म्हणतात, मराठी गीते बुडाली, आणि तुम्ही पुन्हा त्याच इंग्रजी गीतांवरची चित्रे आम्हांला दाखवता! आक्षेपामागची वेदना खरी आहे. मगरपट्ट्याच्या मागेपुढे सकाळी शाळेच्या बसची वाट पाहणाऱ्या मुलांच्या तोंडी काळी मेंढीच असते. चिमणी-कावळा असलाच तर सुटीत, गावी. पण रेगो यांना ही गीते जन्माने मिळालेली नव्हती, याकडे लक्ष वेधावेसे वाटते. सालाझारच्या हुकूमशाहीत वाढलेली ही पोर्तुगीज मुलगी लिस्बनजवळच्या इंग्रजी शाळेत शिकली. घरात आजी-आत्यांच्या पोर्तुगीज गोष्टी आणि शाळेत इंग्रजी गीते, अशी तिची विभागणी होती. तीन आंधळ्या उंदरांची क्रूरता इंग्रजांना ऐकू येईनाशी झाली होती. ती ऐकू आली बाहेरून आलेल्या कानाला. भाषा आपली नसली की शब्द सरावाने बोथट झालेले नसतात. हडपसरच्या त्या मुलांपैकी कोणाला उद्या काळ्या मेंढीत काय दिसेल, आणि आजीकडून ऐकलेल्या वेड्याच्या गाण्यात काय दिसेल, हे मला आज सांगता येणार नाही. मात्र त्या मुलीने तांब्याच्या पत्र्यावर ती जळणारी बायको कोरली, तर तिच्या प्रदर्शनाच्या अभिप्रायवहीत ‘निरागस’ आणि ‘इलस्ट्रेटिव्ह’ हे दोन शब्द कोणाच्या अक्षरात उमटतील, याची मला पुरेशी कल्पना आहे. त्यांतील बरेचसे या नियतकालिकाचे वर्गणीदार असतील.